अध्ययन अक्षमता चाचणी

शालेय वयाच्या मुलाला वाचन, लेखन किंवा गणित वयाच्या मानाने फार जड जात असेल, तर त्यामागचे कारण शोधण्यासाठी करण्यात येणारी मानसशास्त्रीय व शैक्षणिक तपासणी. व्यवहारात तिला एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) टेस्ट म्हणतात. एकाच बैठकीत गुण देऊन निकाल लावणारी ही परीक्षा नसते. मुलाचा वाढीचा इतिहास, दृष्टी व श्रवण यांची तपासणी, बुद्धिमापन, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, वह्यांची पाहणी आणि पालक व शिक्षक यांच्या मुलाखती या सर्वांचा एकत्र विचार करून निष्कर्ष काढला जातो. वाचनातील अक्षमतेला डिस्लेक्सिया, लेखनातील अक्षमतेला डिसग्राफिया आणि गणितातील अक्षमतेला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. एकाच मुलात यांपैकी दोन किंवा तिन्ही आढळणे असामान्य नाही.

अशा तपासणीची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. वर्गातील शिक्षण न झेपणाऱ्या मुलांना ओळखण्यासाठी आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात तत्कालीन मुंबई इलाख्यातील मुलांसाठी तिचे मराठी व कन्नड रूपांतर केले. बिने-कामत चाचणी या नावाने ते आजही अनेक दवाखान्यांत वापरले जाते. डेव्हिड वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीवरून आर्थर मॅलिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी चाचणी बनवली. सहा ते पंधरा वर्षे वयोगटासाठीच्या या चाचणीचे शाब्दिक व कृतिप्रधान असे दोन भाग आहेत. शाब्दिक भागात सामान्य माहिती, शब्दसंग्रह व ऐकलेले अंक क्रमाने म्हणून दाखवणे अशा उपचाचण्या असतात, तर कृतिप्रधान भागात अपुरे चित्र ओळखणे, ठोकळ्यांनी नक्षी जुळवणे यांसारखी कामे असतात. दोन्ही भागांतील गुणांत मोठी तफावत दिसली तर तपासनीस तिकडे विशेष लक्ष देतो, परंतु केवळ तफावतीवरून निदान करणे चूक ठरते.

बुद्ध्यांक काढल्यानंतर खरे काम सुरू होते. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेला चाचणीसंच भारतात सर्वाधिक वापरला जातो. त्याचा पहिला स्तर पाच ते सात वर्षांच्या आणि दुसरा आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात अवधान, दृक् व श्राव्य भेद ओळखणे, स्मरण, वाचन, आकलन, शुद्धलेखन व अंकगणित तपासले जाते. हरयाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेला डाली हा संच २०१५ मध्ये उपलब्ध झाला. तो हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत असून शिक्षकांसाठी प्राथमिक छाननीची साधनेही त्यात आहेत.

चाचणीची भाषा हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि व्यवहारात सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा आहे. घरी मराठी किंवा एखादी बोली बोलणारे आणि नुकतेच इंग्रजी माध्यमात गेलेले मूल इंग्रजी उतारा वाचताना अडखळले, तर ती अक्षमता की अपुरा परिचय, हे त्या उताऱ्यावरून कळत नाही. मराठी लिपीच्याही स्वतःच्या अडचणी आहेत. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटीचा उच्चार नंतर होतो, पण ती अक्षराआधी काढावी लागते. ‘सूर्य’मधला र उच्चारात य च्या आधी येतो, पण रफार य च्या डोक्यावर बसतो. ‘त्रेसष्ट’ ऐकताना तीन आधी कानावर पडतो, म्हणून मूल ३६ लिहून मोकळे होते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धती आणली, तेव्हा मोठा वाद झाला होता, परंतु त्यामागची अडचण काल्पनिक नव्हती. पहिली-दुसरीतल्या पुष्कळ मुलांच्या हातून अशा चुका होतात. पुरेसा सराव व चांगले अध्यापन मिळूनही त्या चौथी-पाचवीपर्यंत टिकल्या, घ-ध किंवा भ-म यांची गल्लत थांबली नाही आणि अर्थहीन बनावट शब्द मुलाला वाचताच आला नाही, तर मात्र शंका बळावते. ऱ्हस्व-दीर्घाच्या नेहमीच्या चुका आणि अक्षमता यांतील फरक मराठी चांगले जाणणाऱ्या तपासनीसालाच करता येतो. म्हणून परभाषेतील चाचणी ऐन वेळी तोंडी भाषांतर करून घेणे गैर आहे.

वाचन मागे पडण्याची कारणे अनेक असतात. कमी दिसणे, कमी ऐकू येणे, सततची गैरहजेरी, घरातील ताण, चिंता किंवा नैराश्य यांमुळेही मूल मागे पडते. अतिचंचलता (एडीएचडी) स्वतंत्रपणे किंवा अध्ययन अक्षमतेच्या जोडीने आढळते, त्यामुळे बालरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ यांचे मत घेतले जाते. चाचण्या घेणारा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे ना, हे पालकांनी आधी विचारून घ्यावे.

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या. असे करणारे ते देशातील पहिले राज्य होते. मुंबईत शीव रुग्णालयासारख्या पालिका रुग्णालयांत तपासणी व प्रमाणपत्राची सोय झाली. वाढीव वेळ, लेखनिक, भाषाविषयात सूट अशा सवलती प्रमाणपत्रावर मिळतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २१ दिव्यांगत्वांत केला. त्यानंतर केंद्राने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आधी शाळेत छाननी, मग दृष्टी, श्रवण व बुद्ध्यांक यांची तपासणी आणि शेवटी निमहान्स संच असा क्रम ठरवला गेला.

या तत्त्वांत बुद्ध्यांक ८५ पेक्षा अधिक असण्याची अट होती. सरासरी बुद्ध्यांक १०० मानला जातो. ७० ते ८५ या दरम्यानची मुले बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत बसत नाहीत आणि या अटीमुळे अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासही पात्र ठरत नव्हती. वर्गात सर्वाधिक मदतीची गरज असलेल्या मुलांपैकी बरीच याच पट्ट्यात असतात, आणि ती दोन्हीकडून वगळली जाणे हा या व्यवस्थेचा गंभीर दोष होता. बुद्ध्यांकात काही गुणांची मापनत्रुटी नेहमीच असते, हे लक्षात घेता ८४ आणि ८६ गुणांच्या दोन मुलांत भेद करण्यास शास्त्रीय आधार फारसा नाही.

चाचणीचा अहवाल शाळेला देताना गुणांचा तक्ता पुरेसा नसतो. मूल ध्वनी वेगळे करताना अडते की अक्षराचा आकार आठवताना, ऐकून समजते पण वाचून समजत नाही का, हे लिहिलेले असेल तरच विशेष शिक्षक उपचारात्मक अध्यापन आखू शकतो. २०१८ च्या तत्त्वांनुसार आठव्या वर्षानंतर प्रमाणपत्र मिळत असे, चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होत असे, आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य धरले जात असे.