नवं नाटक पाहताना: संहितेचं श्रेय कुठलं, प्रयोगाचं कुठलं

‘नाटक छान आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या कामांना एकच शेरा देऊन मोकळे होतो. एक काम नाटककाराचं, ते म्हणजे संहिता. दुसरं काम दिग्दर्शक, नट, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार आणि संगीतकार यांनी मिळून उभं केलेलं, तो प्रयोग. राज्य नाट्यस्पर्धेत लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश यांना वेगवेगळी बक्षिसं असतात ती याचसाठी. जुनं नाटक दोन-तीन संचांत पाहिलेलं असलं की काय बदललं आणि काय टिकलं ते सहज कळतं. नव्या नाटकाचा मात्र एकच अवतार समोर असतो, आणि गल्लत होते ती इथेच. तिचा फटका नाटककाराला जास्त बसतो. चांगली संहिता ढिसाळ प्रयोगात सापडली तर ‘नाटक पडलं’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं आणि तिला पुन्हा कोणी हात लावत नाही.

प्रशांत दळवींच्या ‘चारचौघी’मधला विद्याचा फोनचा प्रवेश या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नाटक 1991मध्ये रंगमंचावर आलं आणि 2022मध्ये नव्या संचात परत आलं. दोन्ही वेळा दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णीच होते. विद्याच्या भूमिकेत आधी वंदना गुप्ते होत्या, नंतर मुक्ता बर्वे. प्रवेशात आपल्याला फोनची एकच बाजू ऐकू येते. पलीकडचा माणूस काय म्हणाला असेल ते विद्याच्या उत्तरावरून आपण जुळवत जायचं, ही रचना संहितेतली आहे. ती दोन्ही संचांत तशीच राहते. पण पलीकडचं बोलणं ऐकताना ती किती वेळ थांबते, कुठल्या शब्दावर आवाज चढतो आणि कुठे तो गिळला जातो, हे नटीचं आणि दिग्दर्शकाचं काम. वाक्यं लेखकाची, वाक्यांमधली शांतता प्रयोगाची, असा ढोबळ हिशेब इथे चालतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘नाटक रेंगाळलं’ या तक्रारीत. नाटक दोन कारणांनी रेंगाळतं आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. कंटाळा आला त्या प्रवेशाच्या सुरुवातीला पात्रं एकमेकांशी कुठल्या नात्यात उभी होती आणि शेवटी कुठल्या, हे आठवून पाहावं. काहीच हललं नसेल, किंवा निर्णय होऊन गेल्यावरही पात्रं तेच तेच बोलत राहिली असतील, तर दोष संहितेचा आहे आणि तिथे कात्रीच हवी. बदल होऊनही प्रवेश जड वाटला असेल तर प्रयोगाकडे पाहावं: दर वाक्याआधी पॉज घेतला जात होता का, समोरच्याचं वाक्य संपल्यावर पुढचं उचलायला उशीर होत होता का, नेपथ्य बदलण्यासाठी लांबलचक ब्लॅकआउट होते का. एकेका ब्लॅकआउटला 20 सेकंद गेले आणि असे 12 ब्लॅकआउट असले, तर चार मिनिटं प्रेक्षक नुसता अंधारात बसलेला असतो. मात्र लेखकानेच चार-चार मिनिटांचे तुकडे आणि दर तुकड्याला नवी जागा लिहिली असेल, तर त्या अंधाराचा उगम संहितेतच आहे.

दुसरी खूण माहिती देण्याची. ‘तुला तर माहितीच आहे, बाबांना जाऊन आता पाच वर्षं झाली’ असं बहीण भावाला सांगते, तेव्हा ते वाक्य भावासाठी नसतं, प्रेक्षकासाठी असतं. हा लेखनाचाच दोष. दिग्दर्शक फार तर तिला कपड्यांच्या घड्या घालायला लावून तो झाकतो.

विनोदाच्या बाबतीत एक साधी कसोटी लावावी: तेच वाक्य दुसऱ्या पात्राच्या तोंडी घातलं तरी तितकंच हसू येईल का? येत असेल तर ते पात्रातून आलेलं नाही. आजच्या बातमीवरचा किंवा प्रयोग असेल त्या गावाच्या नावावरचा टोला बहुधा नटाने घेतलेली ॲडिशन, म्हणजे संहितेत नसलेली पदरची भर, असते. तिच्यावर पडलेली टाळी लेखकाच्या खात्यावर मांडू नये.

काही ठिकाणी रेघ ओढताच येत नाही. ‘घाशीराम कोतवाल’मधली ब्राह्मणांची मानवी भिंत विजय तेंडुलकरांच्या संहितेतच आहे. पण 1972च्या प्रयोगात ती डोलायला आणि वळायला लागली ती जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना आणि भास्कर चंदावरकरांचं संगीत यांच्यामुळे. लेखक आणि दिग्दर्शक एकच असला की काम आणखी अवघड होतं. प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’त तुकारामांची बायको आवली हिच्या पायात काटा रुततो आणि तिची शुश्रूषा करायला रखुमाई वेगळ्या नावाने तिच्या घरी येते. या दोघींना एका छपराखाली आणणं हा लेखनाचा झेप घेणारा निर्णय, आणि माझ्या मते नाटकाचं खरं बळ तिथे आहे. आनंद ओकांचं संगीत आणि रंगमंचावर प्रत्यक्ष गाणाऱ्या नटी त्या निर्णयाला देह देतात.

जमेल तिथे नव्या नाटकाचं अभिवाचन आधी ऐकावं. तिथे दिवे नसतात, हालचाली नसतात, रंगसूचनाही वाचून दाखवतात, त्यामुळे संहिता जवळजवळ उघडी समोर येते. अर्थात दृश्यावर उभी असलेली नाटकं वाचनात फिकी वाटतात, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नये. प्रयोग पाहून आल्यावर त्याच रात्री आठवतील ती तीन वाक्यं आणि तीन दृश्यं लिहून ठेवावीत. नुसती दृश्यंच आठवली तर प्रयोगाचा वाटा मोठा असण्याची शक्यता आहे. शुभारंभाचा प्रयोग पाहिला असेल तर पुढे दहाबारा प्रयोग झाल्यावर पुन्हा जावं, कारण सुरुवातीच्या प्रयोगांनंतर काटछाट होतेच. पुस्तक आलं की ती दृश्यं रंगसूचनांत सापडतात का ते पाहावं. पण छापील संहितेत तालमीत सुचलेल्या गोष्टीही अनेकदा शिरलेल्या असतात, म्हणून प्रस्तावना आणि श्रेयनामावली आधी वाचावी.