शनी काऊन हालून राहिला?

गच्चीवर दुर्बीण लावली की शेजारचे काका येणारच. त्या रात्री शनी होता. काकांनी डोळा लावला, फोकसचं चाक फिरवलं आणि म्हणाले, "हा शनी काऊन हालून राहिला बाप्पा?"

शनी जागेवरच होता, हलत होती माझी दुर्बीण. आठ इंची न्यूटोनियन, म्हणजे आठ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण, नळी मीटरभर लांब, वजन दहा किलोच्या आसपास. माउंट म्हणजे दुर्बीण पेलणारं आणि ताऱ्यांमागे फिरवणारं यंत्र. त्याच्या खोक्यावर पेलायचं वजन छापलेलं होतं ११ किलो. म्हणजे हिशेब बरोबर, तरी ही गत.

खरं तर तो आकडा काढायची सर्वांनी मान्य केलेली एकच पद्धत नाही. ज्याची त्याची कंपनी ठरवते. एवढं वजन माउंट न अडखळता फिरवेल, इतकाच बहुधा त्याचा अर्थ; फोटो नीट येईल की नाही, हे तो सांगत नाही. म्हणून हौशी मंडळींत एक ठोकताळा चालतो. नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर आकड्याच्या जवळपास गेलं तरी निभतं. फोटो काढायचे तर निम्म्यावर थांबायचं, फार तर दोन तृतीयांशावर. काउंटरवेट, म्हणजे तोल साधायला दुर्बिणीच्या उलट बाजूला लावलेलं वजन, यात सहसा धरत नाहीत. कॅमेरा, गाइड दुर्बीण (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारणारी छोटी दुर्बीण), नळी धरणाऱ्या रिंगा, केबली मात्र धरायच्या, आणि नेमकं तेच आपण विसरतो.

फोटोसाठी एवढी कडक शिस्त का? पृथ्वी फिरते म्हणून तारे दर सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) सरकतात. तीन मिनिटांच्या फोटोत २,७०० विकला होतात, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळजवळ दीडपट. माउंटने ताऱ्यांमागोमाग तेवढंच सरकायचं, आणि चूक करायची ती फार तर एखाद-दुसऱ्या विकलेची. एक विकला म्हणजे किती? नागपूरच्या झिरो माइलच्या खांबाजवळ उभं राहून दोन किलोमीटरवरची एक सेंटीमीटरची वस्तू पाहिली, तर ती साधारण तेवढी दिसेल. एक मीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत एक विकला कॅमेऱ्यावर जेमतेम पाच मायक्रॉन भरते. आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा पिक्सेल याहून लहान असतो, त्यामुळे एवढ्याशा चुकीनेही तारा लांबट दिसू लागतो.

आता वजनाचं. दहा किलोची आखूड नळी आणि दहा किलोची लांब नळी काट्यावर सारखीच, माउंटला सारखी नाहीत. लांबी दुप्पट झाली की फिरण्याला विरोध करणारं जडत्व चौपट होतं. अशी नळी वाऱ्याच्या झुळुकीने हलली की लवकर थांबत नाही, आणि वाऱ्याला धरायला पृष्ठभागही जास्त देते. आठ इंचाचीच श्मिट-कॅसग्रेन, म्हणजे प्रकाश आरशांनी आतल्या आत दुमडून नळी आखूड करणारी दुर्बीण, जेमतेम पावणेसहा किलोची आणि अर्ध्या मीटरपेक्षा आखूड असते. आरसा तेवढाच, पण माउंटला वाटणारा भार कितीतरी कमी.

याच नियमातून एक मजेदार गोष्ट निघते. तोल साधायला पाच किलोचं एकच काउंटरवेट दांड्यावर अक्षापासून ४० सेंटीमीटरवर लावा, किंवा दहा किलो २० सेंटीमीटरवर लावा. तोल तोच, जडत्व मात्र दुसऱ्या मांडणीत निम्मं! वजन वाढवून माउंटचा त्रास कमी होतो, हे मला सुरुवातीला पटेचना. वही-पेन घेऊन बसलो तेव्हा पटलं.

तोल अगदी काटेकोर साधला की संपलं, असंही नाही. आपल्याकडचे बंडीवाले बंडी भरताना ती उलार, म्हणजे मागे जड, होऊ देत नाहीत. धुरेकडे भार किंचित जास्त ठेवतात. दुर्बीणवाले अगदी तसंच करतात. पूर्वेकडची बाजू कणभर जड ठेवतात, म्हणजे गिअरचे दात एकमेकांना टेकून राहतात आणि मधल्या फटीत डुगडुगत नाहीत.

आपल्या अक्षांशाचीही एक खोड आहे. नागपूर २१ अंशांवर, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर, आणि माउंटचा मुख्य अक्ष बराच आडवा करावा लागतो. मग खाली लटकणारा काउंटरवेटचा दांडा तिपाईच्या जवळ येतो आणि फिरता फिरता उत्तरेकडच्या पायाला थडकू शकतो. युरोपात हाच माउंट वापरणाऱ्याला हा प्रश्न क्वचितच पडतो. तिपाई आणि डोकं यांच्यामध्ये बसणारा आखूड खांब मिळतो, तो घ्यावा.

हल्ली हार्मोनिक गिअरचे, म्हणजे लवचीक दातेरी कड्याने फिरणाऱ्या छोट्या पण दमदार गिअरचे, माउंट आले आहेत. हीच गिअर पद्धत १९७१ साली अपोलो १५ च्या चांद्रगाडीच्या चाकांत होती. पाचेक किलोचं डोकं काउंटरवेटशिवाय १३ किलो पेलतं. २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेली जागा) ठरल्यापासून सामान उचलून तिकडे जाण्याचा मोह वाढलाय. तेव्हा सतरा किलोचं जुन्या पद्धतीचं डोकं कंबरेला आठवत राहतं. फक्त जपायचं एवढंच, की काउंटरवेट नसल्याने सगळा भार एका बाजूला झुकतो आणि हलकी तिपाई कलंडू शकते.

माझ्या गच्चीवर मात्र दोष एकट्या माउंटचा नव्हताच. तिपाई मी स्लॅबच्या मधोमध ठेवली होती आणि काका येरझारा घालत होते. स्लॅब मध्यभागी सगळ्यात जास्त लवतो. मी तिपाई कोपऱ्यात, खालच्या कॉलमच्या डोक्यावर नेली, पाय अर्धेच लांबवले, एकच लांबवर लावलेलं काउंटरवेट काढून दोन जवळ सरकवली. मग नळीला टिचकी मारून बघितलं. आधी चित्र थरथरून शांत व्हायला सहा सेकंद लागत होते, आता दोन. काकांना आता शनीची कडी दिसते. कॅमेरा मात्र मी त्या नळीला लावत नाही. तो चार किलोच्या लहान दुर्बिणीवर चढवतो.