होरेस पार्लन यांचा पियानो आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशी

अमेरिकन जॅझ पियानोवादक होरेस पार्लन यांचा जन्म १९ जानेवारी १९३१ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग येथे झाला. लहानपणीच त्यांना पोलिओ झाला आणि उजव्या हाताला अंशतः लकवा आला. हाताला व्यायाम मिळावा म्हणून त्यांना पियानो शिकवण्यास सुरुवात झाली, आणि पुढे तोच त्यांचा व्यवसाय ठरला. त्यांच्याविषयी जे काही लिहिले गेले आहे, त्यात ‘अपंगत्वावर मात’ ही शब्दयोजना हमखास भेटते. मला ती फारशी पटत नाही, कारण त्यांचा उजवा हात कधीच पूर्ववत झाला नाही. दोन हातांनी करायच्या कामाची वाटणी मात्र त्यांनी बदलली. ही नवी वाटणी नेमकी कशी झाली आणि पियानोने ती कशी चालवून घेतली, हे समजून घेण्यासाठी मज्जारज्जूपासून सुरुवात करावी लागते.

पोलिओचा विषाणू अतिशय लहान असतो. त्याचा व्यास सुमारे ३० नॅनोमीटर आणि त्याच्या आरएनएची, म्हणजे जनुकीय मजकुराची, लांबी सुमारे साडेसात हजार अक्षरांची. तो तोंडावाटे शरीरात शिरतो, घशात आणि आतड्यात वाढतो, आणि बहुसंख्य मुलांना आपल्याला काही झाले होते हे कळतही नाही. साधारणपणे दोनशे संसर्गांपैकी एकात कायमचा लकवा येतो. त्या एका मुलाच्या बाबतीत विषाणू चेतासंस्थेपर्यंत पोहोचलेला असतो आणि तिथे तो मुख्यतः एका विशिष्ट प्रकारच्या पेशी मारतो. मज्जारज्जूच्या करड्या भागाच्या पुढच्या बाजूस असलेल्या या प्रेरक चेतापेशी आपल्या लांबलचक तंतूंद्वारे थेट स्नायूंना आज्ञा पोहोचवतात. हाताच्या बोटांना चालवणाऱ्या अशा पेशी मानेच्या तळाशी, मज्जारज्जूच्या काही सेंटिमीटरच्या पट्ट्यात एकवटलेल्या असतात. विषाणूने त्या पट्ट्याच्या उजव्या बाजूला जास्त नुकसान केले आणि डाव्या बाजूला कमी, तर एक हात लुळा पडतो आणि दुसरा शाबूत राहतो. पोलिओचा लकवा बहुधा असाच असमान असतो.

वादकाच्या दृष्टीने यातली फार महत्त्वाची बाब अशी, की स्पर्शाचे आणि बोटांच्या स्थितीचे ज्ञान मेंदूकडे नेणाऱ्या चेता मज्जारज्जूत मागच्या बाजूने शिरतात आणि पोलिओ त्यांना सहसा हात लावत नाही. म्हणजे बोट कुठे आहे, त्याखाली काळी पट्टी आहे की पांढरी, ती किती खाली गेली, हे सगळे कळते. फक्त बोट हलवण्याची आज्ञा पूर्ण ताकदीने पोहोचत नाही. संवेदना शाबूत आणि हालचाल अपुरी, अशी ही अवस्था असते.

मेलेल्या प्रेरक चेतापेशी पुन्हा उगवत नाहीत, पण आजारानंतर काही महिने शरीर एक दुरुस्ती करते. एक प्रेरक चेतापेशी आणि तिच्या हुकमतीखालचे सगळे स्नायूतंतू मिळून एक प्रेरक एकक होते. पिंढरीच्या स्नायूत अशा एका एककात हजाराहून अधिक तंतू असू शकतात, तर हाताच्या छोट्या स्नायूंत शंभर ते काहीशे. बोटांची हालचाल इतकी नाजूकपणे कमीजास्त करता येते, त्यामागे हे लहान एकक हे एक मोठे कारण आहे. पोलिओत चेतापेशी मेली की तिचे स्नायूतंतू पोरके होतात. मग शेजारच्या जिवंत पेशी नव्या फांद्या फोडतात आणि या पोरक्या तंतूंना आपल्या पंखाखाली घेतात. त्यामुळे गेलेली ताकद काही प्रमाणात परत येते, पण तिची किंमतही मोजावी लागते: एकके संख्येने कमी आणि आकाराने कितीतरी मोठी होतात, त्यामुळे जोर हळूहळू वाढवण्याच्या पायऱ्या थोड्या आणि उंच होतात. हात पिशवी उचलू शकतो. चौथ्या आणि पाचव्या बोटाने एकाआड एक, एकसारख्या जोराने वेगात आघात करणे मात्र त्याला जड जाते.

नेमके हेच कौशल्य त्या काळच्या जॅझ पियानोत सर्वांत मोलाचे होते. १९४० च्या दशकात बीबॉप शैली रुळली आणि बड पॉवेलसारख्या वादकांनी पियानोवादनाची एक पद्धत घालून दिली. उजव्या हाताने एकेका स्वराची लांब, वेगवान, वळणावळणाची ओळ वाजवायची आणि डाव्या हाताने मधूनमधून तुटक कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी उमटणारे स्वरांचे जुडगे, टाकत जायचे. ही पद्धत पुढच्या पिढीचा मापदंड झाली. पार्लन यांना ती जशीच्या तशी उचलणे शक्य नव्हते.

इथे पियानो या यंत्राचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. आपल्या पेटीत पट्टी दाबून धरली की भाता चालू असेपर्यंत स्वर टिकतो आणि त्याचा लहानमोठेपणा भात्याच्या दाबावर ठरतो. शिवाय डावा हात भात्यात अडकल्याने वादन बहुतांशी एकट्या उजव्या हाताकडे येते. पियानोत भाता नाही. पट्टी सुमारे दहा मिलिमीटर खाली जाते, तरफांच्या साखळीमुळे हातोडी तिच्या साधारण पाचपट वेगाने वर उडते आणि तारेला लागण्याच्या किंचित आधी पट्टीपासून सुटी होते. त्या क्षणानंतर बोटाच्या हाती काहीही उरत नाही. एका सुट्या स्वरापुरते बोलायचे, तर वादकाच्या ताब्यात मुख्यतः हातोडीचा वेग, आघाताची वेळ आणि स्वर कधी थांबवायचा एवढ्याच गोष्टी असतात. पट्टी अलगद खाली जायला सुमारे पन्नास ग्रॅमचे वजन पुरते, म्हणजे ताकद ही मुळात अडचण नसतेच. लागतो तो वेळेचा नेमकेपणा, आणि तो मनगटातून आणि कोपरातूनही आणता येतो. हातोडीला ती कोणत्या बोटाने, मनगटाने की अख्ख्या बाहूने उडवली गेली याचे काही सोयरसुतक नसते. वेग तोच असला की तारही जवळपास तशीच बोलते.

पार्लन यांच्या शैलीचा उलगडा मला इथे होतो. त्यांचा उजवा हात लांब ओळी विणण्याऐवजी छोटे, लयीत ठासून भरलेले तुकडे वाजवतो, तेच तुकडे किंचित जागा बदलून पुन्हा पुन्हा आणतो आणि त्या पुनरावृत्तीतून ताण वाढवत नेतो. थोड्या बोटांना जमेल असे हे काम आहे, कारण त्यात स्वरांची संख्या कमी आणि वेळेचे महत्त्व जास्त. स्वरांचा भरणा मग डाव्या हाताकडे जातो, आणि समीक्षक ज्यांना झणझणीत म्हणतात ते त्यांचे कॉर्ड तिथून येतात.

झणझणीत म्हणजे काय, याचेही भौतिकशास्त्र आहे. जवळजवळच्या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांमधील फरकाइतके स्पंद दर सेकंदाला ऐकू येतात. फरक एक-दोनचा असेल तर आवाज संथपणे हेलकावतो. तो पंधरा-वीसवर गेला की कानाला खरखर जाणवते, आणि फरक आणखी बराच वाढला की कान दोन स्वर स्वच्छ वेगळे करतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये ही कल्पना मांडली, आणि १९६५ मध्ये प्लॉम्प व लेव्हेल्ट या डच संशोधकांनी प्रयोगांतून तिला कानाच्या वारंवारता वेगळ्या करण्याच्या क्षमतेशी जोडले. पियानोच्या मधल्या सी स्वराची कंपनसंख्या २६१.६ आणि त्यालगतच्या काळ्या पट्टीची २७७.२, म्हणजे फरक सुमारे १५.६. दोन सप्तके खाली उतरले तर सी ६५.४ आणि ई ८२.४, फरक १७. म्हणजेच जी जोडी (सा आणि शुद्ध ग) मध्य सप्तकात अत्यंत गोड लागते, तीच तळाच्या सप्तकात लगतच्या दोन पट्ट्यांइतकी घुसमटते. म्हणून खर्जात स्वर ऐसपैस मांडावे लागतात, आणि दाट, टोकदार कॉर्ड हवे असतील तर हात पियानोच्या मध्यभागी आणावा लागतो.

बँडमध्ये डबल बास वाजवणारा असला की डाव्या हाताची खर्ज सांभाळण्याची जबाबदारी संपते आणि तो मध्यभागी येऊन खरखरीचा मसाला हवा तेवढा वापरू शकतो. पार्लन यांना असे साथीदार मिळाले. १९५७ ते १९५९ या काळात ते चार्ल्स मिंगस यांच्या बँडमध्ये होते आणि १९५९ सालच्या ‘मिंगस आह अम’ या गाजलेल्या अल्बममध्ये पियानो त्यांचाच आहे. मिंगस स्वतः बासवादक होते आणि त्यांच्या संगीतात चर्चमधल्या सामूहिक गायनाचा व ब्लूजचा दणका भरपूर होता. लांब नाजूक ओळींपेक्षा ठसक्याची तिथे अधिक गरज होती. १९६० पासून पार्लन यांनी ब्लू नोट या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी स्वतःच्या नावावर ध्वनिमुद्रणे केली. त्यांतील बासवादक जॉर्ज टकर आणि ड्रमवादक अल हेअरवुड यांच्याबरोबरचे ‘अस थ्री’ हे १९६० चे त्रिकूट या वाटणीचा सर्वांत स्पष्ट नमुना आहे. हेच तिघे १९६१ मध्ये सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन यांच्या साथीलाही होते. त्यानंतर काही वर्षे पार्लन सॅक्सोफोनवादक रोलंड कर्क यांच्याबरोबर वाजवत राहिले.

एका हाताने काम भागवावे लागलेले पियानोवादक आणखीही आहेत. त्यांची तुलना केली तर मेंदूपासून पट्टीपर्यंतच्या वाटेवर तुटणे कुठे झाले याला किती महत्त्व आहे ते दिसते. ऑस्ट्रियन पियानोवादक पॉल विटगेनस्टाइन यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात कापावा लागला. त्यांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत काहीच बिघडलेले नव्हते, पण आज्ञा पाळायला हातच नव्हता. फ्रेंच संगीतकार राव्हेल यांनी डाव्या हातासाठी रचलेला कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासह वाजवायची एकल वादकाची रचना, त्यांच्याचसाठी होता. अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेट यांना २०१८ मध्ये पक्षाघाताचे दोन झटके आले आणि त्यांचा डावा हात निकामी झाला. अशा झटक्यात मज्जारज्जूतल्या प्रेरक चेतापेशी जिवंत असतात, पण मेंदूतून त्यांच्यापर्यंत येणारी तार तुटते. म्हणून पक्षाघातात कालांतराने हात ताठर होतो, पोलिओत तो सैल पडून बारीक होतो. वयाचाही फरक मोठा आहे. जॅरेट यांचे दोन्ही हात सत्तरी ओलांडेपर्यंत एका ठरलेल्या भाषेत बोलत आले होते. पार्लन यांना मोडण्यासाठी जुनी सवय नव्हतीच. त्यांचा मेंदू पहिल्या धड्यापासून अशाच दोन हातांवर शिकला. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांना दिलेली जागा इतरांपेक्षा मोठी असते आणि वादन जितक्या लहान वयात सुरू झाले तितका हा फरक अधिक, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते.

जॅझमधील उत्स्फूर्ततेचा मेंदूतला ठाव घेण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग चार्ल्स लिम आणि अॅलन ब्रॉन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. एमआरआय यंत्रात पडलेल्या सहा जॅझ पियानोवादकांच्या मांडीवर छोटा कीबोर्ड देऊन त्यांना कधी पाठ केलेले तर कधी तत्क्षणी सुचलेले वाजवायला सांगितले. उत्स्फूर्त वादनात स्वतःवर पहारा ठेवणारे काही कपाळामागचे भाग शांत झालेले दिसले. यातली एक गंमत अशी, की सोयीसाठी सगळ्यांना केवळ उजव्या हाताने वाजवायचे होते. पार्लन त्या यंत्रात गेले असते, तर प्रयोगाला त्यांच्या कलेचा अर्धाच भाग दिसला असता.

पार्लन यांचे जन्मगाव आणि त्यांचा आजार यांचा आणखी एक संबंध आहे. जोनास साल्क १९४७ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात आले आणि पोलिओची पहिली परिणामकारक लस त्यांनी याच शहरात तयार केली. १९५४ मध्ये तिच्या चाचणीत अठरा लाखांच्या आसपास मुले सहभागी झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी ती सुरक्षित व परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. पार्लन तेव्हा चोवीस वर्षांचे होते. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात नोंदला गेला. म्हणजे पल्स पोलिओच्या रांगेत उभे राहिलेल्या मराठी वाचकांच्या पिढीला अशा हाताचे वर्णन वाचावे लागते, त्यांच्या आजीआजोबांनी तो शेजारीपाजारी पाहिलेला असतो.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पार्लन डेन्मार्कला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. युरोपात त्या काळात अनेक अमेरिकन जॅझ कलाकारांना अधिक स्थिर काम आणि आदर मिळत होता. तिथे १९७७ मध्ये त्यांनी सॅक्सोफोनवादक आर्ची शेप यांच्याबरोबर ‘गोइंग होम’ हा कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भक्तिगीतांचा अल्बम केला. त्यांच्या ध्वनिमुद्रणांपैकी माझ्या मते हेच सर्वांत धाडसी आहे. बास नाही, ड्रम नाही. त्यामुळे जो खर्ज इतकी वर्षे साथीदार सांभाळत होते, तो आता डाव्या हातालाच सांभाळायचा, आणि मधले कॉर्डही त्यालाच भरायचे. एकाच वेळी दोन्ही शक्य नसते. म्हणून पार्लन खालचा स्वर आधी वाजवून तो पायाखालच्या पेडलने धरून ठेवतात आणि हात वर नेऊन उरलेले स्वर देतात. लयही त्यामुळे संथ ठेवावी लागते. १९८० मध्ये याच जोडीने ब्लूज रचनांचा ‘ट्रबल इन माइंड’ केला. पार्लन यांचे निधन २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, डेन्मार्कमध्येच झाले. ज्यांना त्यांचे वादन ऐकायचे आहे, त्यांनी आधी ‘अस थ्री’ ऐकावे आणि मग ‘गोइंग होम’. पहिल्यात डावा हात खर्ज दुसऱ्याच्या हवाली करून मोकळा हिंडताना ऐकू येतो आणि दुसऱ्यात तोच हात सगळे ओझे एकटा उचलतो.