थांबणारी मुलं, चाळीस वर्षांनंतर

मुलासमोर एक मार्शमॅलो, म्हणजे मऊ पांढरी मिठाई, ठेवायचा आणि सांगायचं, 'मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील.' मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत सुरू केलेला हा प्रयोग पालकांच्या सभांमध्ये हमखास ऐकवला जातो. त्यातला महत्त्वाचा भाग मात्र सहसा वगळतात. जास्त वेळ थांबणारी मुलं मन मारून बसलेली नव्हती. ती डोळे झाकून घेत, पाठ फिरवत, गाणी म्हणत. 'हा ढग आहे असं समज' एवढं सांगितलं तरी मुलं जास्त वेळ थांबत. चवीचा विचार करायला लावलं की लवकर हार मानत.

त्याच मुलांपैकी काहींना चाळिशीत पुन्हा तपासलं गेलं. बी. जे. केसी आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. पडद्यावर झरझर चेहरे येणार. ठरलेल्या चेहऱ्याला बटण दाबायचं, दुसरा आला की हात आवरायचा. चेहरे निर्विकार असताना लहानपणी थांबलेले आणि न थांबलेले, दोन्ही गट सारखेच ठरले. पण हसऱ्या चेहऱ्यापुढे हात आवरायचा असला, की लहानपणी न थांबलेल्यांच्या चुका वाढत.

यांपैकी 26 जणांनी हाच खेळ एफएमआरआय यंत्रात खेळला. हे यंत्र विचार टिपत नाही. मेंदूच्या कुठल्या भागात प्राणवायूयुक्त रक्ताचा पुरवठा वाढला, एवढंच त्यातून कळतं. थांबणाऱ्यांमध्ये हात आवरताना कपाळामागचा, उजवीकडचा भाग अधिक सक्रिय होता. न थांबणाऱ्यांमध्ये हसरे चेहरे पाहून मेंदूच्या आतला, बक्षिसाची ओढ लावणारा भाग जोरात होता. निष्कर्ष लक्षवेधी आहे खरा, पण 26 माणसांवर फार मोठा इमला बांधू नये. शिवाय हा फरक उपजत की घडलेला, हे त्या चित्रांत दिसत नाही.

परिस्थितीचा वाटा किती, हे रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड यांच्या 2013 च्या प्रयोगात दिसतं. आधी मुलांना चित्रकलेसाठी चांगलं सामान आणून देण्याचं वचन दिलं. अर्ध्यांना ते मिळालं. उरलेल्यांना 'सॉरी, सामान संपलं' असं ऐकायला लागलं, तेही दोनदा. मग मार्शमॅलो समोर आला. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता, अशा 14 मुलांपैकी 9 जण पूर्ण 15 मिनिटं थांबले. फसवल्या गेलेल्या 14 मुलांपैकी फक्त एक.