वडिलांचा हिस्सा काकांकडे जातो, ही समजूत आली कुठून?

सांगली संस्थानच मुळात चुलत्या-पुतण्याच्या वाटणीतून उभं राहिलं. मिरजेच्या पटवर्धनांपैकी चिंतामणराव लहान असताना कारभार चुलते गंगाधररावांनी पाहिला. पुतण्या कर्ता झाल्यावर दोघांचं बिनसलं, वाटण्या झाल्या, मिरज चुलत्यांकडे राहिली आणि १८०१ च्या सुमारास चिंतामणरावांनी सांगलीत बस्तान बसवलं. तासगाव-पलूसकडे आजही कुणाचे वडील वारले की तोच विषय निघतो, फक्त संस्थानाऐवजी तीन एकर ऊस असतो. सातबाऱ्यावर वडील आणि काका दोघांची नावं आहेत, मग आता सगळं काकांचं का?

नाही. पण या भीतीला कारण आहे.

कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि इंग्रजी अमलातल्या कोर्टांनी देशावर तीच प्रमाण धरली. तिच्या नियमाने एकत्र कुटुंबात वाटणी होईपर्यंत कुणाचा वाटा ठरलेला नसतो. एक भाऊ गेला की मागे उरलेल्यांचे वाटे आपोआप वाढतात. गेलेल्याला मुलगा असेल तर तो बापाच्या शाखेचा वाटा धरून ठेवी. मुलगा नसला तर सारं दिराचं, आणि विधवेच्या वाट्याला पोटगी, फार तर चोळीबांगडीसाठी एखादा तुकडा. म्हणजे या नियमाचा खरा मार पुतण्यांवर नव्हता, बायका-मुलींवर होता.

१९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळाला, पण हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तो पूर्ण मालकीचा केला आणि मागे बायको, मुलगी किंवा आई असेल तर हिस्सा भावाकडे न जाता वारसांकडे जाईल असं ठरवलं. त्या कायद्याच्या पहिल्या वर्गात मुलगा, मुलगी, बायको, आई आहेत. भाऊ दुसऱ्या वर्गात. पहिल्यातला एकही असेल तर दुसऱ्याचा नंबरच लागत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जितात जन्मतः हक्क दिला. २००५ च्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली आणि मागे उरेल त्याचं, हा जुना नियमही संपला. वडील २००५ ला हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं.

कायदा बदलला, सातबारा मात्र मागेच राहिला. आजोबा गेल्यावर थोरल्याचं नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून लावायचं आणि धाकट्यांना, बहिणींना सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकलायचं किंवा सोडूनच द्यायचं, ही जुनी रीत. चाळीस वर्षं सोसायटीचं कर्ज, कारखान्याची ऊसनोंद, पाणीपट्टी सगळं त्या एका नावावर. मग खुद्द मॅनेजरलाच आपण मालक आहोत असं वाटू लागतं. त्याला तरी किती दोष द्यायचा? पण सातबारा ही महसुलाची नोंद आहे. नाव लागल्याने मालकी येत नाही आणि गळल्याने जात नाही.

दोघा भावांनी मिळून खरेदी केलेली जमीन वेगळी. तिथे खरेदीखत पाहायचं. वाटे लिहिलेले नसतील आणि कुणी किती पैसे घातले हेही सिद्ध होत नसेल, तर कायदा ते समान धरतो. वडिलांचा वाटा त्यांच्या वारसांचा. बँकेतलं जोडखातंही तसंच: पैसे काकांच्या हाती पडले म्हणून ते काकांचे होत नाहीत.

राहिली आत्या. जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली असेल, ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता गेले असतील आणि आजी आधीच वारली असेल, तर दोन भाऊ आणि दोन बहिणी मिळून चार सारखे वाटे होतात. आत्यांनी हक्कसोडपत्र नोंदवून दिलेलं नसेल, तर काकांकडे निम्मं मागायला गेलेल्या पुतण्याच्या घराला कागदावर पावच हिस्सा येतो.