स्पीडब्रेकरवर आपलं वजन कुठे जातं?

एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून प्रवास केलेल्यांना स्पीडब्रेकर वेगळा समजवावा लागत नाही. मागचं चाक चढतं, आपण सीटवरून वीतभर वर, आणि मग दाणकन खाली. ‘उडवलं बुवा ड्रायव्हरनं’ असं म्हणत आपण कंबर चोळतो. पण सीट सुटते त्या क्षणी आपल्याला वर ढकलणारं कुणीच नसतं. चढताना धक्का बसतो तो खराच. माथ्यावर मात्र उलटा प्रकार चालू असतो.

माथा म्हणजे वर्तुळाचा एक तुकडा, ज्याचं केंद्र जमिनीखाली आहे. त्या वाटेनं जायचं तर गाडीला सतत केंद्राकडे ओढणारं अभिकेंद्री बल हवं. गोफणीत ते दोरी पुरवते. इथे दोरी नाही, म्हणून ते काम गाडीच्या वजनाला करावं लागतं. वजनाचा काही भाग वाट वळवण्यात खर्ची पडतो, उरलेलाच रस्त्यावर टेकतो.

किती भाग? इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शक सूचनांमधला गोल माथ्याचा स्पीडब्रेकर घ्या: ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर उंच, वर्तुळाची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटर वेगानं गेलात तर माथ्यावर सुमारे २९ टक्के वजन वळण्यातच जातं. ६० किलोचा माणूस क्षणभर ४३ किलोचा! डाएटवाल्यांनी फार खूश होऊ नये. वेग दुप्पट केला की लागणारं बल चौपट होतं. ताशी ५० किलोमीटरला अख्खं वजनही पुरत नाही. चाकं रस्ता सोडतात. स्प्रिंगा आणि शॉकअबसॉर्बर चाकांना खाली दाबून धरतात, त्यामुळे प्रत्यक्षात हिशोब थोडा बदलतो, पण मुद्दा तोच.

आता गल्लीत एका रात्रीत उगवणारा उंचवटा पाहा. उंची तीच १० सेंटिमीटर, पण रुंदी जेमतेम दोन फूट. त्रिज्या उतरते अर्ध्या मीटरवर. चाकाचा आकार जमेस धरला तरी ताशी १० किलोमीटरला गाडी हवेत! हा वेग रमतगमत जाणाऱ्या सायकलवाल्याचा. म्हणजे उंचीपेक्षा गोलाई जास्त छळते.

माथ्यावर ब्रेक दाबणंही फारसं कामाचं नाही. टायर रस्त्यावर जितके दाबलेले, तितकंच घर्षण. गाडी हलकी झाली की पकडही ढिली.

राहिला शेवटचा बाक. तो मागच्या आसाच्याही मागे असतो. समजा दोन आसांत ५ मीटर अंतर आहे आणि बाक आणखी अडीच मीटर मागे. मागचं चाक १० सेंटिमीटर चढलं की बाक १५ सेंटिमीटर उसळतो, तोही तेवढ्याच वेळात. चालक बसतो पुढच्या आसाच्या आसपास. मागचं चाक चढताना त्याची जागा जवळपास हलतच नाही, त्यामुळे मागून आरडाओरडा कशाचा चाललाय, हे त्याला कळलं नाही तर नवल नाही.