डॉल्बीचा बेस आणि बेस गिटारचा बेस

विसर्जन मिरवणुकीत महाद्वार रोडवर डॉल्बीसमोर उभं राहिलेल्या कोल्हापूरकराला बेस म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. छातीत धक्का बसतो, दुकानांची शटरं थरथरतात. साधारण 40 ते 100 हर्ट्झमधली (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) ती ताकद. त्यात सूर कोणता, हे कुणी विचारत नाही. पण हीच पोरं बेस गिटार घेतात, रॉक गाण्याचं कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं स्वतः वाजवून, रेकॉर्ड करतात आणि ऐकून पहिलं वाक्य येतं, "भावा, बेस लागंना, वाढीव की." मग इक्वलायझरवर, म्हणजे आवाजाचा खालचा-वरचा भाग कमी-जास्त करायच्या साधनावर, 60 हर्ट्झचा भाग वर. कव्हर बिघडतं ते इथंच, आणि दरवेळी इथंच.

बेस गिटारची जाड ई तार मोकळी छेडली की 41 हर्ट्झचा सूर निघतो. त्याच क्षणी त्या तारेतून 82, 124, 165 असे वरचे स्वरांशही निघतात, पार हजाराच्या पुढं. सूर कुठला हे कान बरंचसं या स्वरांशांवरून ओळखतो. मोबाइलच्या स्पीकरमधून 41 हर्ट्झ जवळजवळ येतच नाही, तरी बेसची चाल कळते ती यामुळंच. डॉल्बीचा बेस खालच्या धक्क्यात असतो. बेस गिटार गाण्यात उठून येते ती 700 ते 1000 हर्ट्झच्या आसपास, बोट तारेवरून सुटतानाच्या आवाजात. म्हणून बेस ऐकू येत नसेल तर हा मधला भाग थोडा उचला. गिटारवरचा टोनचा नॉब बंद असेल तर आधी तो उघडा.

60 हर्ट्झ वाढवल्यावर काय होतं ते एकदा नीट ऐका. ए तारेवर दुसऱ्या फ्रेटला (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीला) दाबलं की निघणारा बी हा सूर असतो 61.7 हर्ट्झचा. तो एकदम फुगतो. मोकळी जी तार 98 ची, तिला फारसं काहीच मिळत नाही. म्हणजे हात सारखा पडूनही एक सूर अंगावर येतो आणि दुसरा गायब. त्यात किक ड्रमचा (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) जोरही बहुतेक वेळा याच भागात, मग दोघं एकमेकांवर चढतात आणि नुसती घरघर उरते. सूर असमान वाटत असतील तर आधी उजवा हात सुधारा, मग कॉम्प्रेसर, म्हणजे मोठे-बारीक आवाज सारखे करणारं साधन, लावा. 30 हर्ट्झच्या खालचं तर मी सरळ कापून टाकतो.

डॉल्बीचा दणका घुमत राहिला तरी चालतो. बेस गिटारचा सूर कुठं थांबतो यालाही तितकीच किंमत असते. 'क्वीन' या ब्रिटिश बँडचं 1980 सालचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' घ्या. तीन सारखे ठोके आणि मग रिकामी जागा. बँडचा बेस वाजवणारा जॉन डीकन, त्याची ती चाल त्या जागेवरच उभी आहे. मोकळी तार थांबवायची तर डाव्या हाताची बोटं तिच्यावर अलगद टेकवायची. दाबलेला सूर असेल तर बोट न उचलता नुसतं सैल सोडायचं. बहुतेक टॅबमध्ये (कुठली तार कुठं दाबायची ते लिहिलेल्या कागदात) फ्रेटचे आकडे असतात, सूर किती वेळ धरायचा ते नसतं. त्यामुळं टॅबवरून बसवलेलं कव्हर लगेच ओळखू येतं. कानानंच बसवा. गाणं कॉम्प्युटरवर एक सप्तक वर चढवलं, की बेस स्वच्छ सापडतो.

चार तारा की पाच, पिक (तार छेडायची छोटी पट्टी) की बोटं, हे वाद किरकोळ आहेत. मूळ गाण्यात जे आहे ते घ्या. गिटारची केबल इंटरफेसच्या (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीच्या) इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावा, लाइनला लावली तर आवाज बारीक आणि मेलेला येतो.

मूळ गाण्यावर वाजवणार असाल तर त्यातला बेस आधी काढा, नाहीतर दोन बेस एकमेकांत मिसळतात आणि तुमचा कुठला ते तुम्हालाच कळत नाही. इक्वलायझरनं खालचं सगळं कापू नका, त्यात किकही जातो आणि वाजवताना धरायला काही उरत नाही. वाद्यं वेगळी करणारी ॲप हल्ली सहज मिळतात, तीच वापरा.